परवानगी तीन फांद्यांची आणि वर चढल्यावर चौथी पोकळ निघाली, तर काय करायचं?

एप्रिल संपत आला की सगळ्या सोसायट्यांना एकदम झाडं आठवतात. पावसाच्या आधी फांद्या छाटून घ्यायच्या म्हणून अर्ज, मग वॉर्ड ऑफिसच्या चकरा, मग ठेकेदार शोधणं, आणि शेवटी एका सकाळी माणूस दोर बांधून वर चढतो आणि अर्ध्या तासात वरून ओरडतो, "साहेब, ही फांदी आतून पोकळ आहे!" खाली पाच जण उभे असतात आणि त्यांची पाच मतं असतात, कोणी म्हणतं काढून टाक, कोणी म्हणतं राहू दे, चढणाऱ्याला दुपारी दुसरं काम असतं म्हणून त्याला घाई, आणि तुमच्या हातात जो परवानगीचा कागद आहे त्यात या फांदीचा उल्लेखच नाही. त्या वेळी काय करायचं तेवढंच इथे लिहितोय. पहिल्यांदाच सेक्रेटरी झालेल्यांसाठी, किंवा बंगल्यातलं झाड पहिल्यांदा छाटून घेणाऱ्यांसाठी.

मी आमच्या सोसायटीत गेली बारा वर्षं हे काम बघतोय. यातली एक चूक अजून मनाला लागून आहे, ती पुढे सांगतो कारण तिच्यातूनच मला हे सगळं कळलं.

आधी कायदा, थोडक्यात

शहरात राहत असाल तर तुमच्या कंपाउंडमधलं झाड तुमचं असलं तरी त्याच्यावर करवत चालवायचा अधिकार तुमचा एकट्याचा नाही. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक महापालिकेत, नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी असतो. या कायद्यात झाड 'तोडणं' म्हणजे फक्त बुंध्यापासून आडवं करणं नाही, जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे "आम्ही झाड कुठे तोडलं, फांद्याच तर काढल्या" हे उत्तर चालत नाही. शिक्षा नुसत्या दंडाची नाही, कैदेचीही तरतूद आहे. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची झाडं 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्ष ठरली. जुन्या सोसायट्यांमधले, वाड्यांमधले वड, पिंपळ, चिंचा, आंबे, पर्जन्यवृक्ष यातले बरेच त्यात बसतात, तेव्हा आपलं झाड कधी लावलंय हे जुन्या मेंबरांना आधी विचारून ठेवा.

शहराबाहेर, गावाकडे शेतावर वगैरे १९६४ चा वेगळा कायदा लागतो आणि त्यात साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी ठरावीक झाडांची यादी आहे. गोव्यात १९८४ चा झाडं जपण्याचा कायदा आहे, तिथले वृक्ष अधिकारी वनखात्यातले असतात. मी पुढे जे लिहिलंय ते शहरातल्या सोसायटीच्या अनुभवावरून आहे, पण झाड सगळीकडे सारखंच तुटतं त्यामुळे तांत्रिक भाग कुठेही चालेल.

कागद हातात आला की तो वाचा

हे सांगायची गरज पडू नये पण पडते. परवानगी आली या आनंदात कोणी ती वाचत नाही, ठेकेदाराच्या हातात झेरॉक्स देतात आणि मोकळे होतात. कागदात कुठलं झाड, कुठल्या फांद्या, किती छाटायचं, कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या अटींवर हे लिहिलेलं असतं. "धोकादायक व सुकलेल्या फांद्यांची समतोल छाटणी" असं मोघम लिहिलेलं असेल तर लगेच त्याच आठवड्यात ऑफिसला जाऊन विचारा की नेमक्या कुठल्या, आणि जमलं तर पाहणीला आलेल्या माणसासोबत उभं राहून फांद्यांचे फोटो काढा, मोबाईलमध्ये त्या फोटोवर लाल रेघ मारून फांदी १, २, ३ असे आकडे टाका. हा फोटो प्रिंट करून ठेकेदाराला द्या, आणि जो प्रत्यक्ष चढणार आहे त्याला तो दाखवा, सुपरवायझरला दाखवून उपयोग नाही.

आणि चढणाऱ्याशी बोला. त्याला सांगा की वर काही वेगळं दिसलं तर हात थांबवायचा, आम्ही थांबल्याचे पैसे देऊ. हे पैशाचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक ठिकाणी काम अंगावर दिलेलं असतं, जितक्या लवकर संपेल तितकं त्याचं बरं, मग तो कशाला सांगेल तुम्हाला की फांदीत भेग आहे, तो आपला साफ करून खाली उतरेल. आम्ही कामाच्या रकमेत अर्ध्या दिवसाचे थांबण्याचे पैसे आधीच धरतो. वापरले गेले नाहीत तरी देऊन टाकतो.

चढायच्या आधी खालून बघा

ज्याला आपण 'अचानक सापडलं' म्हणतो त्यातलं निम्मं तरी खालून दिसत असतं, फक्त कोणी मान वर केलेली नसते. सकाळच्या उजेडात झाडाभोवती सावकाश दोन फेऱ्या मारा, एक बुंध्याकडे बघत आणि एक वर बघत, दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलचा झूम.

बुंध्याशी काय बघायचं? मुळं जिथे जमिनीत शिरतात तिथे फळीसारखी कडक, तपकिरी, पांढऱ्या कडेची अळंबी आलेली आहे का, तिच्याखाली कोको पावडरसारखी धूळ पडलेली आहे का. ही गॅनोडर्मासारखी बुरशी असते आणि ती मुळं आणि बुंधा आतून खाते, वरून झाड हिरवंगार दिसतं. असं काही दिसलं तर माणूस चढवूच नका, आधी ऑफिसला फोन. एका बाजूची माती उचललेली दिसते का, नवीन भेग पडली आहे का, गेल्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसवताना किंवा ड्रेनेजची लाइन टाकताना मुळं कापली होती का, हे वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं.

खोडावर रबरी किंवा लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा. भरीव लाकूड टणक, बंद आवाज देतं आणि पोकळ जागा डफासारखी वाजते, एकदा दोन्ही आवाज ऐकले की कान तयार होतो. पोकळ म्हणजे लगेच धोकादायक असं मात्र नाही, हे नवीन माणसाला पटत नाही. खोडाचं बळ बाहेरच्या लाकडात असतं, नळीसारखं, आणि जाणकार लोक एक ठोकताळा वापरतात की पोकळीभोवतीचं चांगलं लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी राहिलं तर काळजी. म्हणजे दोन फूट व्यासाच्या खोडाला सगळीकडून चार इंच निरोगी लाकूड असेल तर ते उभं राहू शकतं. पोकळी एका बाजूने उघडी असेल तर हा हिशोब चालत नाही, आणि हा हिशोब तुम्ही करायचा नाहीच, तो करायला येणाऱ्याला तुम्ही माहिती द्यायची.

वरून आवाज आला, आता पहिली दहा मिनिटं

करवत बंद. इंजिन बंद, नुसतं हातातलं बटण सोडणं नाही. चढलेल्या माणसाने आधी स्वतःचा दोर कुठे बांधलाय ते बघायचं, तो जर त्याच खराब फांदीला किंवा तिच्यावरच्या बेचक्याला बांधला असेल तर दुसरीकडे घ्यायचा, आणि नसेल जमत तर सरळ खाली यायचं. हे सगळ्यात पहिलं. फांदीचं नंतर बघू, माणूस आधी.

मग खालची जागा मोकळी करा. फांदी जितकी उंच आहे तितक्या अंतराच्या दीडपट तरी लांब सगळे जाऊ द्या, गाड्या काढा, मुलांना आत पाठवा, गेटवर एक माणूस उभा करा. तुम्हाला वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, एक फूट जाड आणि बारा फूट लांब ओल्या फांदीचा तुकडा साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोचा असतो. पानांचं आणि पुढच्या फांद्यांचं वजन वेगळं. एवढं वजन तीस फुटांवरून गाडीच्या टपावर आलं तर काय होतं ते सांगायला नको.

मग फोटो. चढणाऱ्याच्याच मोबाईलवर, जवळून एक, जरा लांबून एक, आणि फांदी कुठून निघते ते दिसेल असा एक. शेजारी हात किंवा करवत ठेवून फोटो काढला तर भेग किती मोठी ते कळतं. खालून तुम्ही व्हिडिओ करा आणि त्यात तारीख, वेळ, झाडाचा नंबर तोंडाने बोला.

आणि मग तिथेच ठरवायचं फक्त एक, की ही फांदी आत्ता, आज पडू शकते का? बाकी सगळे प्रश्न उद्यावर ढकलता येतात, हा नाही.

काय काय सापडतं, आणि प्रत्येकाचं वेगळं

फाटलेला बेचका. दोन जाड फांद्या जिथे इंग्रजी व्हीसारख्या अरुंद कोनात निघतात तिथे त्यांच्या मधे साल आत दबत जाते, लाकूड लाकडाला जोडलं जात नाही, नुसती दोन अंगं एकमेकांना टेकून वाढत राहतात. कोन रुंद, यूसारखा असेल तर जोड पक्का असतो. गुलमोहरात, पर्जन्यवृक्षात आणि आपण ज्याला पीतमोहर किंवा सोनमोहर म्हणतो त्यात हा प्रकार खूप बघितलाय. बेचक्यातून काळपट पाणी झिरपलेलं, दोन्ही बाजूंना साल फुगून कानासारखी बाहेर आलेली, आणि मधे ताजी फिकट भेग, हे तिन्ही दिसलं तर ती फांदी जोडापासून सुटायला लागली आहे. इथे घाईघाईत दोनातली एक फांदी मुळापासून काढायची नाही, कारण ती अर्धं झाड असते आणि तेवढी मोठी जखम ते झाड भरून काढू शकत नाही. टोकाकडचं वजन कमी करणं, दोन्ही फांद्या वरच्या अंगाला केबलने बांधणं हे पर्याय असतात आणि त्यासाठी वेगळी परवानगी आणि जाणकार माणूस लागतो. तोपर्यंत खालची जागा बंद ठेवा, बास.

ढोली. पोकळी दिसली की आधी आत कोण राहतंय ते बघा. तांबट सुकलेल्या फांदीत भोक पाडून घरटं करतो, पोपट, पिंगळे ढोलीत राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात पक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, तेव्हा आत पिल्लं असतील तर त्या फांदीचं काम तिथेच थांबतं. पिल्लं उडून जाईपर्यंत काही आठवडेच लागतात, तेवढं थांबता येतं. कावळ्यांची घरटी तर नेमकी आपण छाटणी करतो त्याच दिवसांत भरलेली असतात. आणि एक विनंती, ढोलीत सिमेंट भरू नका. जुन्या काळी भरायचे, अजूनही काही ठेकेदार सुचवतात, पण झाड वाऱ्याने हलतं आणि सिमेंट हलत नाही, मधे फट पडते, तिथे पाणी साचतं आणि कुजणं वाढतं.

जुना खुंट. चार-पाच वर्षांपूर्वी कोणीतरी फांदी अर्धवट कापून वितभर खुंट सोडलेला असतो, तो कुजतो आणि कूज आत खोडापर्यंत जाते. त्याच्याभोवती सरळसोट फुटव्यांचा झुबका आलेला असतो आणि खालून तो छान दाट दिसतो, पण हे फुटवे फक्त वरच्या थराला चिकटलेले असतात, जाड झाले की वाऱ्यात सालीसकट निघून येतात. मेलेला खुंट काढणं सोपं काम आहे, तरी कागदात नसेल तर लिहून घ्या.

भिरूड. आंब्यावर हमखास. फांदीला पेन्सिल जाईल एवढी भोकं, त्यातून भुसा आणि विष्ठा बाहेर आलेली, खाली डिंक ओघळलेला. अळी आत बोगदा करत जाते आणि फांदी आतून चाळणीसारखी होते, माणूस पाय ठेवायला गेला की मोडते. फांदीवर पाय ठेवण्याआधी भुसा शोधा. आंब्यावरच दुसरं म्हणजे बांडगूळ, वेगळ्याच पानांचा झुबका आणि नळीसारखी नारिंगी फुलं, फुलटोच्या पक्षी त्याच्या बिया पसरवतो. हे नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या लाकडात असतात, चिकटलेल्या जागेच्या थोडं मागून फांदी काढावी लागते. म्हणजे पुन्हा परवानगीचा प्रश्न आलाच.

लाकडात गिळलेल्या वस्तू. गणपतीच्या लायटिंगची तार, कपडे वाळत घालायची दोरी, बोर्डाचे खिळे, कधी कधी अख्खा लोखंडी हुक. झाड त्यावरून वाढत जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. चेनसॉ खिळ्यावर आदळली तर चेन तुटू शकते किंवा करवत उलटी चेहऱ्याकडे उसळते. सालीवर आडवी फुगीर वळी दिसली की आत तार असणार असं धरून चाला आणि तिथे हातकरवत वापरा.

आग्या मोहोळ दिसलं तर काहीच करायचं नाही. उतरा, सगळ्यांना लांब करा, आणि त्या झाडाचं काम पुढे ढकला. ह्या माश्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करतात, पोळं मोकळं होतं. जाळायचं तर अजिबातच नाही, रात्रीसुद्धा नाही.

वडाच्या पारंब्या. हा दोष नाही पण सापडल्यावर लोक दोष समजतात. "पार्किंगमध्ये लोंबतायत, काढून टाका." जमिनीत रुजलेली पारंबी ही त्या आडव्या फांदीचा खांब असते, ती कापली की चांगली मजबूत फांदी तुम्ही स्वतःच धोकादायक करून ठेवता आणि दोन पावसाळ्यांनी म्हणता वड धोकादायक झालाय. माझी कळकळीची विनंती आहे, पारंब्यांना हात लावू नका, उलट ज्या लोंबत्या पारंब्या जमिनीपर्यंत पोचत आल्यात त्यांना बांबूच्या नळीत माती भरून खाली उतरायला वाट करून द्या.

आमचा गुलमोहर

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. गेटजवळच्या गुलमोहराच्या दोन सुकलेल्या फांद्यांची परवानगी होती. वर चढलेला मुलगा ओरडला की मुख्य फांदीला वरच्या बाजूने भोक आहे, हात आत जातोय. ठेकेदार म्हणाला साहेब आत्ताच काढू, परत गाडी आणायचे पैसे वाचतील, कमिटीतले दोघं म्हणाले काढा, आणि मी मान हलवली. त्याने ती फांदी खोडाला घासून, एकदम सपाट कापली. कापल्यावर दिसलं की पोकळी जेमतेम फूटभर होती, पुढचं मागचं सगळं लाकूड चांगलं होतं. एका बाजूचं सगळं वजन गेल्यामुळे झाड दुसरीकडे कललं, त्या सपाट जखमेतून कूज खोडात शिरली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री ते मुळासकट गेलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. चौकशी झाली, लेखी खुलासा द्यावा लागला, ते सगळं आम्ही निस्तरलं, पण मे महिन्यात गेटमधून आत येताना तो लाल रंग दिसत नाही हे मला आजही खुपतं. त्या दिवशी मी "थांब, फोटो काढ, खाली ये" एवढं म्हणालो असतो तर झाड आज उभं असतं.

पुढे चार वर्षांनी मागच्या पर्जन्यवृक्षाचं असंच झालं, कागदात तीन फांद्या आणि वरून आवाज, "साहेब, हिचा बेचका फाटलाय." तेव्हा मी थांबवलं. शिव्या खाल्ल्या, मागची पार्किंग दोन दिवस बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी पाहणी झाली आणि टोकाकडचं साधारण एक तृतीयांश वजन कमी करायची वाढीव परवानगी मिळाली. झाड तिथेच आहे.

खरंच आत्ता पडणार असेल तर

फांदी तुटून नुसत्या सालीवर किंवा दुसऱ्या फांदीवर लटकतेय, भेग डोळ्यासमोर वाढतेय, कडकड आवाज येतोय, ही खरी इमर्जन्सी. पोकळ आवाज, जुनी भेग, मुंग्या, कीड, ही इमर्जन्सी नाही. हा फरक प्रामाणिकपणे करा, कारण इमर्जन्सीच्या नावाखाली नको असलेली फांदी उडवायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि फोटोवरून ते ऑफिसच्या लोकांना लगेच कळतं.

फोन कोणाला? अग्निशमन दल १०१. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६. विजेच्या तारेवर फांदी टेकली असेल तर आधी वीज कंपनी, महावितरणसाठी १९१२, आणि लाइन बंद झाल्याचं त्यांच्या माणसाने स्वतः सांगेपर्यंत झाडाला, ओल्या दोराला, शिडीला, कशालाच हात नाही. ओली फांदी वीज वाहून नेते. आणि सोबतच वृक्ष अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोन आणि लगेच मेसेज, कारण धोकादायक झाडाबद्दल तातडीने निर्णय घ्यायचे अधिकार त्यांच्याकडे असतात. फोन उचलला नाही तरी मेसेज आणि फोटो जाऊ द्या, वेळ नोंदली जाते.

तिथे हजर असलेल्या जाणकाराने किंवा अग्निशमनच्या लोकांनी सांगितलं तर धोका जाईल एवढंच काढायचं. लटकलेला तुकडा उतरवायचा, उरलेली अर्धी फांदी तशीच ठेवायची, दिसायला वाईट दिसली तरी. काढलेला तुकडा टेम्पोत भरून पाठवू नका! पाहणी होईपर्यंत तो कोपऱ्यात ठेवा, कापलेलं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे आतली कूज किंवा भेग येणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. याच्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

त्याच दिवशी पत्र

फोनवर "हो हो, काढा" म्हणालेलं दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही, यात वाईट हेतू असतोच असं नाही, त्यांच्याकडे मे महिन्यात रोज ढीगभर फोन येतात. म्हणून संध्याकाळच्या आत लेखी. मी साधारण असं लिहितो:

"माननीय वृक्ष अधिकारी यांस, विषय: परवानगी क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यातील पर्जन्यवृक्षाबाबत. वरील परवानगीनुसार आज सकाळी छाटणी सुरू असताना, परवानगीत नमूद नसलेल्या पूर्वेकडील फांदीच्या बेचक्यात सुमारे दोन फूट लांबीची भेग आढळली. काम तत्काळ थांबवले आहे. फांदीखालील जागा बंद केली आहे. सदर फांदीस कोणतीही इजा केलेली नाही. फोटो जोडले आहेत. कृपया तातडीने पाहणी करून पुढील सूचना लेखी द्याव्यात."

"इजा केलेली नाही" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि काही कापलं असेल तर किती जाडीचं, किती लांब, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून हे सरळ लिहा, लपवू नका. पत्राची पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर असलेली, ईमेल केलं असेल तरी एक प्रत हाताने द्या. कमिटीच्या मिनिट्समध्ये दोन ओळी लिहा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकून सांगा की काम का थांबलंय, नाहीतर रात्रीपर्यंत निरनिराळ्या अफवा तयार होतात.

वाढीव परवानगी आली, आता कापायचं कसं

इथे चढणाऱ्याला शिकवायला जाऊ नका पण काय मागायचं ते माहीत असू द्या. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कड असते, गळपट्टीसारखी. त्या कडेतल्या पेशी जखम बंद करतात, म्हणून कड शाबूत ठेवून तिच्या लगेच बाहेर कापायचं, ना खोडाला घासून ना खुंट सोडून. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करतं आणि त्याला आत कोंडून टाकतं. खोडाला घासून कापलं की त्या भिंतीच तुम्ही तोडता. आमच्या गुलमोहराचं नेमकं हेच झालं होतं.

जाड फांदी तीन कापांत. पहिला काप खालून, कडेपासून फूटभर पुढे, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे, फांदी तिथे सुटते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसरा म्हणजे उरलेला तुकडा कडेच्या बाहेरून. पोकळ किंवा भेगाळलेल्या फांदीत मात्र दोर आधी बांधून घ्यायचा, भेगेच्या मागे एक आणि पुढे एक, आणि लहान लहान तुकड्यांत टोकाकडून आत यायचं, कारण अशी फांदी काप पूर्ण व्हायच्या आधीच उभी फाटते आणि चढलेल्या माणसाच्या छातीवर येते.

वजन कमी करायचं म्हणजे टोकाकडून, अशा आडफांदीपर्यंत मागे यायचं जी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असेल. आतली सगळी पालवी साफ करून टोकाला झुबका ठेवतात तो प्रकार करू देऊ नका, त्याने सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी आधीपेक्षा जास्त हेलकावते. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा पाव भाग, त्याच्या वर जायचं नाही, आणि म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. पाणी कमी पडलेल्या, पानं गळलेल्या झाडाला तर शक्यतो फक्त सुकलेलं काढा.

कापलेल्या जागेला ऑइलपेंट, डांबर काही लावू नका, ओल आत कोंडते. आंब्याच्या बागेत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात ती वेगळी गोष्ट, कृषी खात्याच्या माणसाने सांगितली तर लावा.

काम झालं की कापलेल्या प्रत्येक जागेचा फोटो फाईलला लावा, आणि पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर त्याच जागा पुन्हा बघा, मग दिवाळीनंतर एकदा. कडेने सालीची गोल वळी आत सरकायला लागली असेल तर काप बरोबर बसला. एका बाजूनेच सरकत असेल आणि दुसरी बाजू काळी पडली असेल तर तिथे कड कापली गेली आहे, ती जागा पुढच्या अर्जात आधीच लिहून टाका.